दोष यंत्राचा की माणसाचा?

द्वितीय वर्ष, कला शाखा

एखादे यंत्र आपणांस वापरता आले नाही तर दोष कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. यंत्र कसे चुकेल? चुकतो तो माणूस, असे आपण गृहीतच धरतो. त्यातून तो माणूस कमी शिकलेला, खेड्यातला किंवा उतारवयाचा असेल तर चौकशीआधीच निकाल लागलेला असतो. परंतु या प्रश्नाचा शास्त्रीय विचार गेली ऐंशी वर्षे चालू असून त्याचा निष्कर्ष आपल्या समजुतीच्या बरोबर उलट आहे, हे वाचनात आले तेव्हा मला नवल वाटले. त्याहून नवल याचे की हा विचार पुढे नेणाऱ्यांत अभियंत्यांइतकेच मानसशास्त्राचे अभ्यासक होते. मानसशास्त्र हा तर आपल्याच शाखेचा विषय!

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट आहे. अमेरिकेच्या 'बी-१७' या बॉम्बफेकी विमानांना एक विचित्र अपघात वारंवार होत असे. विमान सुखरूप उतरे, धावपट्टीवर धावू लागे, आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत ओढून घेई. विमान पोटावर आपटे. चौकशीत शेरा पडे : वैमानिकाची चूक. आल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे हे प्रकरण आले, तेव्हा त्याने एक साधा प्रश्न विचारला. हेच वैमानिक दुसऱ्या जातीच्या विमानात ही चूक का करीत नाहीत? तो विमानात जाऊन बसला आणि उत्तर समोरच दिसले. 'बी-१७' मध्ये झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारी शेजारी होत्या व आकाराने अगदी सारख्या होत्या. दुसऱ्या विमानांत तसे नव्हते. चापानिसने चाकांच्या कळेवर रबराचे छोटे चाक बसविले आणि झडपांच्या कळेवर पाचरीसारखा तुकडा. अंधारात, थकलेल्या हातालाही फरक कळू लागला. आजसुद्धा विमानात चाकांच्या कळेची मूठ चाकाच्या आकाराची असते. 'वैमानिकाची चूक' म्हणून ज्यांच्या नावावर शेरे पडले त्यांचे पुढे काय झाले असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही.

हाच विचार रोजच्या जीवनात आणला तो डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. त्याचे १९८८ सालचे पुस्तक 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने निघाले व पुढे 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने प्रसिद्धीस आले. त्यात दारांविषयी पुष्कळ आहे. ढकलायच्या दाराला ओढायची मूठ बसविली, तर येणारा प्रत्येक जण ती ओढणार; मग वर 'ढकला' अशी पाटी लावावी लागते. नॉर्मन म्हणतो, साध्या वस्तूला सूचना लागते याचा अर्थच तिची रचना बिघडलेली आहे. वस्तू कशी वापरायची याचे ज्ञान काही आपल्या डोक्यात असते आणि काही वस्तूतच, जगात, ठेवलेले असते. चांगला रचनाकार डोक्यावरचा भार काढून तो वस्तूवर टाकतो.

हे वाचताना मला आमच्या घरचे जाते आठवले. खुंटा सांगतो कोठे धरायचे, वरच्या तळीचे तोंड सांगते दाणे कोठे टाकायचे. आजीला कोणी माहितीपत्रक दिले नव्हते. कडीकोयंडा, वरवंटा, पोहरा, यांतली एकही वस्तू माणसाला अडाणी ठरवीत नाही.

उलट अनुभव तालुक्याच्या गावी एका बँकेत येतो. तेथे पासबुक छापण्याचे यंत्र आहे. पासबुक ठरावीक पानावर उघडून, ठरावीक बाजू वर करून एका फटीत सरकवावे लागते. कोणती बाजू वर, हे फटीवर कोठेही काढलेले नाही. सूचना पडद्यावर येतात, त्या इंग्रजीत, आणि वाचून होण्याआधी निघून जातात. पुस्तक उलटे गेले की यंत्र ते परत बाहेर ढकलते. का ढकलले ते सांगत नाही. आमचे वडील तेथे दोन-तीनदा प्रयत्न करतात आणि मग मागच्या माणसाला म्हणतात, "जरा तुम्हीच घाला भाऊ, आम्हाला अडाण्याला काय कळतंय." शेतातले इंजिन आवाजावरून ओळखणारा, बिघडलेला पंप स्वतः खोलून दुरुस्त करणारा हा माणूस. त्या फटीच्या बाजूला उघड्या पासबुकाचे एक चित्र काढायला किती खर्च आला असता?

येथे कोणी म्हणेल की ही एका यंत्राची गोष्ट झाली. म्हणून संगणकाकडे वळू. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी बटणे, याद्या, चित्रे, विचारले जाणारे प्रश्न, या सगळ्या दर्शनी भागाला इंटरफेस म्हणतात. आतली आज्ञावली कितीही हुशार असो, वापरणाऱ्याच्या लेखी यंत्र म्हणजे हा दर्शनी भागच. जात्याला खुंटा जन्मतःच असतो. संगणकाला तो कोणीतरी विचारपूर्वक द्यावा लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये एक जात 'ओपन सोर्स' म्हणून ओळखली जाते. हे नाव १९९८ चे, परंतु चळवळ जुनी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहावयास घेतले. या सॉफ्टवेअरची आज्ञावली सर्वांना खुली असते. कोणीही ती वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी. तत्त्व म्हणून यापेक्षा उदार गोष्ट आधुनिक उद्योगात मला तरी माहीत नाही. आणि तरीही वर्षानुवर्षे या सॉफ्टवेअरविषयी तक्रार एकच : वापरायला अवघड.

'गिंप' हे चित्रे सुधारण्याचे सॉफ्टवेअर घ्या. १९९५ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केले. अनेक वर्षे ते उघडले की पडद्यावर एकाऐवजी तीन-चार सुट्या खिडक्या उघडत. अवजारे एकीकडे, थर दुसरीकडे, चित्र तिसरीकडे. त्याचे निर्माते युनिक्स पद्धतीच्या संगणकांवर काम करीत. तेथे अनेक पडदे मांडून खिडक्या त्यांवर पसरून ठेवण्याची सोय होती व त्या लोकांना हे सोयीचेच वाटे. विंडोज वापरणारा मात्र त्या खिडक्यांच्या गर्दीत हरवून जाई. सर्व काही एकाच खिडकीत ठेवण्याची सोय २.८ या आवृत्तीत, २०१२ मध्ये, आली. मूळ प्रारंभापासून सतरा वर्षांनी!

त्याच आवृत्तीत दुसरा एक बदल झाला, तो मला अधिक बोधप्रद वाटतो. तोपर्यंत फोटो उघडून थोडा उजळ केला आणि 'सेव्ह' म्हटले की फोटो जतन होई. आता 'सेव्ह' म्हटले की ते चित्र फक्त गिंपच्या स्वतःच्या 'एक्ससीएफ' या प्रकारात साठू लागले. नेहमीचा 'जेपेग' फोटो हवा तर 'एक्स्पोर्ट' ही वेगळी आज्ञा द्यावयाची. निर्मात्यांचे कारण खोटे नव्हते. जेपेगमध्ये चित्राचे थर नाहीसे होतात, थोडा दर्जाही घटतो; दिवसभराचे काम असे हरवू नये हा हेतू. परंतु हा हेतू दिवसभर चित्रकाम करणाऱ्यासाठी होता. ज्याला अर्जासाठी फोटो लहान करून द्यायचा आहे, त्याला थरांचे काय? पुष्कळ लोक रागावले, निर्माते आपल्या निर्णयावर ठाम राहिले. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, हीच गोष्ट अवघड आहे. 'सोपे' असे नुसते म्हणता येत नाही. कोणाला सोपे, ते सांगावे लागते.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा 'कोणाला' बहुधा निर्माता स्वतःच असतो. तो स्वतःची गरज भागविण्यासाठी रात्री जागून आज्ञावली लिहितो आणि फुकट वाटतो. धर्माच्या गाईला दात का नाहीत, असे त्याला विचारणे बरे नव्हे, हेही खरे. पण ज्याला आज्ञावली वाचता येते त्यालाच बदल करता येतो, आणि ज्याला ती वाचता येते त्याला बदलाची गरज फारशी भासत नाही. ज्याला गरज आहे तो तक्रारही करू शकत नाही. तक्रारीचा अर्ज बहुधा इंग्रजीत असतो आणि आवृत्तीचा क्रमांक विचारतो.

हे चक्र भेदण्याचे प्रयत्न झाले आहेत. लिनक्सच्या 'ग्नोम' या पडदा-रचनेची चाचणी २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने घेतली. चाचणी म्हणजे माणसांना यंत्रासमोर बसवून, काम सांगून, ती कोठे अडतात ते शांतपणे पाहणे. न बोलता पाहणे हे त्यात सर्वांत कठीण असावे. पुढल्या वर्षी ग्नोमची दुसरी आवृत्ती निघाली. तीत अनेक पर्याय काढून टाकले होते व रचनेचे लेखी नियमही तयार झाले. जुने जाणकार नाराज झाले. स्वतः टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ग्नोम सोडून 'केडीई' ही दुसरी रचना वापरा, असा जाहीर सल्ला दिला.

पैसेवाल्या कंपन्यांचे सगळेच चांगले, असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ मधून 'स्टार्ट' बटण काढले व वर्षभरात ते परत बसविले. शिवाय कंपन्यांचा सोपेपणा सोयीप्रमाणे असतो. सभासद होणे एका बटणावर, आणि सभासदत्व सोडण्याची वाट कोठे दडविली आहे ते शोधत बसा. मुक्त सॉफ्टवेअर अवघड असेल, पण मुद्दाम फसविण्यासाठी अवघड केलेले मी पाहिले नाही.

ग्नोमच्या नियमांतील एक नियम भाषेच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावा : बटणावर 'होय', 'ठीक' असे न लिहिता, ते दाबल्यावर काय होणार त्याचे क्रियापद लिहा. आपल्याकडे पुष्कळदा पडद्यावर प्रश्न येतो, 'ही क्रिया रद्द करायची?' आणि खाली दोन बटणे : 'ठीक आहे' व 'रद्द करा'. आता 'रद्द करा' दाबले तर क्रिया रद्द होणार की रद्द करणे रद्द होणार? मूळ इंग्रजीतला गोंधळ आपण शब्दशः मराठीत आणला. त्याऐवजी 'पैसे पाठवा' आणि 'पैसे पाठवू नका' असे लिहिले तर माझ्या वडिलांनाही कोणाला विचारावे लागणार नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस, ग्नोम यांचे मराठी भाषांतर उपलब्ध आहे, ते मुक्त असल्यामुळेच. त्यातला एखादा शब्द अडला तर तो सुधारून पाठविण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे, आणि त्यासाठी आज्ञावली नव्हे, मराठी यावी लागते.

शेवटी मराठी लिहिण्याच्या कळफलकाविषयी. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ मध्ये 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी प्रमाण ठरविली. १९९१ च्या भारतीय मानकातही ती आहे. तिच्यामागचा विचार पाहिला की आपल्या वर्णमालेविषयी आदर वाढतो. डाव्या हाताखाली स्वर व त्यांची चिन्हे, उजव्या हाताकडे व्यंजने. मधल्या ओळीत प, र, क, त, च, ट. शिफ्टची कळ दाबून तीच बोटे टेकवली की फ, ऱ, ख, थ, छ, ठ. अल्पप्राणाच्या घरातच महाप्राण. जुन्या टंकलेखनयंत्रावर 'कि' लिहिताना आधी वेलांटी व मग 'क' उठवावा लागे, कारण यंत्र आकार जाणत असे, उच्चार नव्हे. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने लिहावयाचे. शिवाय बंगाली, तमिळ, कन्नड, सर्वांचा 'क' एकाच कळेवर.

एवढी सुरेख रचना, आणि तरी आमच्या वर्गात ती वापरणारे फार थोडे. बहुतेक जण रोमन अक्षरांत उच्चार टाकून संगणकाकडून देवनागरी करून घेतात. त्या पद्धतीत 'बाल' आणि 'बाळ', 'मन' आणि 'मण' यांची रोमन अक्षरे एकच. यंत्र जे सुचवील ते बरोबर मानून पुढे जायचे. याला आळस म्हणण्यापूर्वी नॉर्मनचा विचार लावून पाहावा. इनस्क्रिप्टचे सारे ज्ञान डोक्यात ठेवावे लागते, कारण विकत मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर छापलेली असते ती फक्त रोमन अक्षरे. समोर 'के' दिसत असताना तेथे 'क' आहे हे कोणाला कसे कळावे? (योगायोगाने तो तेथेच आहे, पण 'एच'वर 'प' आणि 'वाय'वर 'ब' आहे.)

याचा परिणाम याच अंकात दिसू शकतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द आहेत. पहिले पूज्य गुरुजन, दुसरे स्वयंपाकी. त्या दुसऱ्या शब्दातला 'ऱ' इनस्क्रिप्टमध्ये 'र'च्याच कळेवर, शिफ्टसह, आहे. ज्याला तो सापडत नाही तो 'दऱ्या' लिहू जातो आणि 'दर्या' लिहून बसतो. डोंगर उतरून थेट समुद्रात!

कळांवर चिकटविण्याच्या देवनागरी अक्षरांच्या पट्ट्या बाजारात मिळतात. आपल्या संगणककक्षातील ज्या दोन यंत्रांवर या नियतकालिकाचा मजकूर टंकित होतो, निदान त्या दोहोंवर त्या लावाव्यात, अशी मी विद्यार्थ्यांच्या वतीने ग्रंथालय समितीस विनंती करतो. लावण्याचे काम आमच्या वर्गातील मुले-मुली एका दुपारी करतील.