टाळू उडते, म्हणजे मेंदूत फुगा आहे का?

प्रश्न : माझ्या भावाच्या मेंदूतली शीर फुगून फुटली आणि तो गेला. बेळगावच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव ॲन्युरिझम सांगितलं. आता माझ्या चार महिन्यांच्या नातवाची टाळू सारखी उडताना दिसते. एवढ्याशा बाळालाही हा आजार होतो का? त्याच्या डोक्याचा फोटो काढून घ्यावा का?
– एक आजी, जगलबेट, ता. जोयडा

उत्तर : आजी, आधी टाळूचं बोलू. बाळाच्या कवटीची हाडं पुढे अजून जुळलेली नसतात. सहसा वर्ष-दीड वर्षात जुळतात. तोवर हृदयाचा ठोका त्या मऊ जागेतून दिसतो. टाळू निरोगी बाळाचीही उडते. रडताना ती जरा वर येते, त्याचीही काळजी नको. बाळ शांत असताना, उभं धरल्यावरही टाळू फुगलेली आणि ताठ राहिली, तर मात्र थांबू नका.

तान्ह्यांना ॲन्युरिझम होतो, पण अगदी क्वचित. या आजाराच्या 100 रुग्णांत मुलं पाचसुद्धा नसतात. मोठ्यांच्या धमनीची भिंत रक्तदाब आणि तंबाखू वर्षानुवर्षं झिजवतात. मुलांत कारण वेगळं असतं: जन्मजात कमकुवत भिंत, डोक्याला मार, किंवा हृदयाच्या झडपेतून आलेला जंतुसंसर्ग. काजूच्या झाडावरून पडलेलं पोर आठ-पंधरा दिवस हिंडतं-फिरतं आणि मग एकाएकी डोकं धरून ओकतं, तेव्हा डॉक्टरांना ते पडणं आठवणीनं सांगा. हृदयाला छिद्र असलेल्या मुलाचा ताप हटत नसेल, तरी तसंच. मुलांतले फुगे पुष्कळदा मोठे असतात, 25 मिलिमीटरच्याही वर. त्यामुळे काही वेळा फुटण्याआधीच पापणी लोंबते किंवा डोळा तिरळा होतो.

भावावरून नातवाचा फोटो काढायची गरज नाही. आईवडील-भावंडांत दोघांना किंवा अधिकांना हा आजार झाला असेल, तर घरातल्या मोठ्यांनी तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच रक्तस्रावाची, कारण तो टाळता येतो. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं. बाळ जन्मतं तेव्हा ते अंगात फार थोडं असतं आणि आईच्या दुधातही कमीच. म्हणून जन्मताच मांडीत 1 मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. ते राहिलं, तर दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, छान अंगावर पिणाऱ्या गुटगुटीत बाळाच्या मेंदूतही अचानक रक्त उतरू शकतं. आधी कधी नाकातून किंवा बेंबीतून थोडं रक्त येतं, अंगावर निळे डाग उठतात. ती सूचना असते. बाळंतपण घरी झालं असेल किंवा वाटेत गाडीत, तर हे इंजेक्शन हमखास राहून जातं. आजच तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड, काढून बघा. नोंद नसेल, तर आशाताईंना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आईचं दूध मात्र मुळीच तोडू नका.

फुगा सापडलाच, तर उपाय आहेत. 1937 मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चाप लावला. 1990 पासून मांडीतल्या धमनीतून नळी नेऊन बारीक तारेची गुंडाळी आत भरतात. आज दोन्ही उपाय लहान मुलांतही करतात, पण त्यासाठी मोठं केंद्र लागतं. बेंगळुरूचं निम्हान्स त्यांपैकी एक.

टाळू ताठ, वारंवार उलटी, दूध न ओढणं, आकडी, बाळ निपचित, यांतलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा आणि ही लक्षणं स्पष्ट सांगा. जिथे सीटी स्कॅन आणि मेंदूचे सर्जन दोन्ही आहेत, तिथेच न्या: लोंढा-खानापूरमार्गे बेळगाव, नाहीतर अनमोड घाट उतरून गोव्यातलं बांबोळी. आकडी आलेल्या बाळाला कुशीवर ठेवा, तोंडात पाणी, औषध, चमचा काहीही घालू नका. पोचल्यावर तायी कार्ड आधी डॉक्टरांच्या हातात द्या.