काळ्या रानात ओलमापक का चढतो?

प्रश्न : आमचं तुरीचं रान भालकीजवळ, काळं. मेहुण्यांचं बीदरजवळ, तांबड्या माळावर. ओलमापक एकच, पण आमच्याकडे तो नेहमी जास्त ओल दाखवतो. मल्टिमीटरचा आकडा तर तिसराच. खरं काय मानावं?

उत्तर : मल्टिमीटर बाजूला ठेवा. तो एकदिश प्रवाह सोडतो, मातीत खोचलेल्या सळ्यांपाशी आयन साचतात आणि आकडा सरकत राहतो. ओलमापकाचा संकेत मात्र सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा पालटतो. तेव्हा क्षारांच्या आयनांची साधी वाहकता तर असतेच. शिवाय पाण्याचे रेणू आणि मातीच्या कणांना चिकटलेले आयन त्या उलटापालटीत मागे पडतात, तिथेही ऊर्जा जिरते; हा परावैद्युत ऱ्हास. दोन्हींची बेरीज म्हणजे प्रभावी वाहकता. दुसरा हिस्सा वारंवारतेने गुणला जातो. परावैद्युत ऱ्हासाचा अंक ५ धरला, तर १०० मेगाहर्ट्झला तो सुमारे ०.०२८ सीमेन्स प्रति मीटर भरतो. तोच अंक ५० हर्ट्झला धरला तर नगण्य.

काळ्या मातीत स्मेक्टाइट भरपूर. त्याच्या ऋणभारित पापुद्र्यांवर कॅल्शियम, सोडियमचे आयन दाटलेले असतात. बीदरच्या जांभ्यावरच्या मातीत केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडं. तिथे ही गर्दी कमी. स्वस्त मापकाला हा ऱ्हास ओलीपासून वेगळा काढता येत नाही, म्हणून तो तुमच्या रानात फुगतो.

कंपनीच्या तक्त्यावर विसंबू नका. वेगवेगळ्या ओलीचे नमुने घ्या, वजन करा, १०५ अंशांवर २४ तास वाळवून पुन्हा तोला आणि स्वतःचा तक्ता बांधा. नोंदी सकाळीच घ्या; तापमानाच्या दर अंशामागे साधी वाहकता सुमारे २ टक्के वाढते.