खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी : एका पोलीस सेनानीची कारकीर्द

लोकशाही राज्यात शस्त्रधारी दलाचे स्थान कोणते असावे, हा प्रश्न जुना आहे. दल दुबळे असेल तर सीमा आणि गावे दोन्ही असुरक्षित राहतात. दल बलिष्ठ असूनही कायद्याच्या चौकटीबाहेर गेले, तर ज्यांच्या रक्षणासाठी ते उभारले त्यांनाच त्याची भीती वाटू लागते. या दोन टोकांमधील वाट प्रत्यक्ष प्रशासनात कशी काढावी, याचा अभ्यास करावयाचा झाल्यास खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी यांच्या कारकीर्दीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. सीमा सुरक्षा दलाचे संस्थापक प्रमुख म्हणून देश त्यांना ओळखतो. परंतु कच्च्या कैद्यांच्या प्रश्नाला वाचा फोडणारे लेखकही तेच होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

विदर्भातील जडणघडण

रुस्तमजी यांचा जन्म २२ मे १९१६ रोजी नागपूरजवळील कामठी येथे एका पारशी कुटुंबात झाला. १९३८ मध्ये त्यांची इंडियन पोलीस सेवेत निवड झाली आणि तत्कालीन मध्यप्रांत व वऱ्हाड हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. सत्ता ब्रिटिशांची, जनता चळवळीत उतरलेली आणि मध्ये उभा असलेला भारतीय पोलीस अधिकारी, अशा अवघड काळात त्यांची उमेदवारी झाली.

स्वातंत्र्यानंतर लगेच हैदराबाद संस्थानाचा प्रश्न पेटला. वऱ्हाडचा दक्षिण भाग निजामाच्या मुलखाला लागून होता. सरहद्दीवरील गावांत रझाकारांच्या धाडींची धास्ती होती आणि संस्थानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. या काळात अकोला जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक म्हणून रुस्तमजी यांना सीमेवरील बंदोबस्ताचा पहिला अनुभव मिळाला. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हा प्रश्न मिटला. सरहद्दीवरचा माणूस आपल्या बाजूचा असेल तरच सरहद्द सुरक्षित असते, हे सूत्र पुढे त्यांच्या साऱ्या कामात दिसून येते.

१९५२ ते १९५८ या काळात ते पंतप्रधान पंडित नेहरू यांचे मुख्य सुरक्षा अधिकारी होते. गर्दीत बेधडक शिरणाऱ्या नेत्याचे रक्षण करणे हे सोपे काम नव्हते. १९५५ च्या मार्चमध्ये नागपूर येथेच एक इसम सुरा घेऊन नेहरूंच्या मोटारीजवळ पोहोचल्याची घटना घडली होती. नेता जनतेपासून तोडला जाऊ नये आणि त्याच्या जिवालाही धोका पोहोचू नये, असा दुहेरी विचार या कामात करावा लागे. या दिवसांच्या नोंदी त्यांनी आपल्या रोजनिशीत केल्या. त्यांवर आधारित ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाला.

चंबळचे आव्हान

१९५८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, रुस्तमजी मध्यप्रदेशचे पोलीस महानिरीक्षक झाले. चंबळच्या खोऱ्यातील दरोडेखोरांच्या टोळ्यांनी त्या काळी भिंड, मोरेना, ग्वाल्हेर या भागांत थैमान घातले होते. पोलिसांना बातमी देणाऱ्याचे नाक कापण्याइतकी क्रूरता गब्बरसिंग नावाच्या दरोडेखोराने दाखविली होती. अशा दहशतीमुळे गावकऱ्यांची तोंडे बंद होत आणि माहितीवाचून पोलीस आंधळे होत. नोव्हेंबर १९५९ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत गब्बरसिंग मारला गेला. हे नाव पुढे १९७५ च्या ‘शोले’ चित्रपटाने घरोघरी पोहोचविले.

१९६० च्या मे महिन्यात आचार्य विनोबा भावे चंबळच्या खोऱ्यात पदयात्रेला गेले आणि सुमारे वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. ही घटना देशभर गाजली. रुस्तमजी यांनी मात्र या प्रयोगाविषयी आपली नापसंती जाहीरपणे व्यक्त केली. गुन्हेगाराभोवती तेजोवलय निर्माण झाले तर त्याने मारलेल्यांच्या कुटुंबांना आणि प्राण पणाला लावणाऱ्या शिपायाला काय वाटेल, असा हा प्रश्न होता. पवनारचे संत आणि कामठीचे पोलीस अधिकारी यांच्यातील हा मतभेद व्यक्तिगत नव्हता. हृदयपरिवर्तनाचा मार्ग आणि कायद्याचा मार्ग यांचा मेळ कसा घालावा, हा त्याचा गाभा होता. दोन्ही बाजूंत तथ्य होते. म्हणूनच अध्यापकांनी वर्गात चर्चेसाठी घ्यावा असा हा विषय आहे.

सीमा सुरक्षा दलाची उभारणी

१९६५ पर्यंत पाकिस्तानलगतच्या सीमेचे रक्षण त्या त्या राज्याच्या सशस्त्र पोलीस तुकड्या करीत असत. प्रत्येक राज्याचे प्रशिक्षण वेगळे, शस्त्रे वेगळी आणि आदेश देणारा अधिकारीही वेगळा. या व्यवस्थेतील उणीव ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छमध्ये उघड झाली. त्या दिवशी पाकिस्तानी सैन्याने सरदार चौकीवर हल्ला केला. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांनी तेथे मोठ्या शौर्याने झुंज दिली. आजही तो दिवस त्या दलात शौर्य दिन म्हणून पाळला जातो. परंतु केवळ शौर्यावर सीमा सोपविता येत नाही, त्यासाठी एकसूत्री दल हवे, हे त्यातून स्पष्ट झाले.

१ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल अस्तित्वात आले आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून रुस्तमजी यांची नेमणूक झाली. विविध राज्यांच्या सुमारे पंचवीस पलटणी एकत्र आणून त्यांतून एक दल घडवावयाचे होते. भाषा, गणवेश, सवयी आणि निष्ठा या साऱ्यांत भिन्नता असलेल्या माणसांना एकत्र आणणे हे शस्त्रे पुरविण्यापेक्षा कठीण असते. त्यासाठी ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे १९६६ मध्ये प्रबोधिनी उभारण्यात आली. पोलीस अधिकाऱ्यांबरोबर सेनादलातून आलेल्या अधिकाऱ्यांनाही दलात स्थान देण्यात आले. १९६८ मध्ये संसदेने दलासाठी स्वतंत्र कायदा संमत केला. सीमेवरील रहिवाशांत सुरक्षिततेची भावना निर्माण करणे, हे दलाच्या शांतताकालीन कर्तव्यांपैकी एक आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे.

या दलाची खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने हत्याकांड सुरू केल्यानंतर अवामी लीगचे नेते ताजुद्दीन अहमद हे मार्चअखेर सीमा ओलांडून भारतात आले. सीमा सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना आसरा दिला. रुस्तमजी स्वतः कलकत्त्यास जाऊन त्यांना भेटले आणि त्यांची पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याशी भेट घडून आली. १७ एप्रिल रोजी मेहेरपूरजवळील आमराईत बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. त्याच्या व्यवस्थेमागे याच दलाचा हात होता. मुक्तिवाहिनीच्या तरुणांना सुरुवातीचे साहाय्य व प्रशिक्षण या दलानेच दिले. एप्रिलअखेर ही जबाबदारी भूसेनेकडे गेली. जेमतेम साडेपाच वर्षे वयाच्या दलाने बजावलेली ही कामगिरी होती.

१९७४ मध्ये रुस्तमजी यांनी दलाची धुरा खाली ठेवली. त्याच सुमारास सागरी तस्करीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या समितीच्या शिफारशींतून भारतीय तटरक्षक दलाचा जन्म झाला. १९७७ मध्ये ते हंगामी स्वरूपात आणि १९७८ च्या कायद्याने रीतसर स्थापन झाले. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांना वादळात आधार देणाऱ्या या दलाचे मूळ असे एका पोलीस अधिकाऱ्याच्या अहवालात आहे.

तुरुंगाच्या भिंतींआड

नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमण्यात आला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील प्राध्यापक म. स. गोरे यांच्याबरोबर रुस्तमजी हेही त्याचे सदस्य होते. या कामाच्या निमित्ताने त्यांनी बिहारमधील तुरुंग पाहिले. खटल्याची सुनावणीच न झाल्यामुळे वर्षानुवर्षे अडकून पडलेली माणसे तेथे होती. काहींची कोठडी तर त्यांच्यावरील आरोपाला कायद्याने दिलेल्या कमाल शिक्षेहूनही लांबली होती. जामिनाची रक्कम भरण्याची ऐपत नसणे, एवढाच त्यांपैकी अनेकांचा दोष.

रुस्तमजी यांनी जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लेख लिहून ही स्थिती देशापुढे मांडली. त्या लेखांच्या आधारे ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. हुसैनारा खातून खटला तो हाच. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने जलद न्यायचौकशी हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. गरीब आरोपीला मोफत कायदेविषयक मदत मिळाली पाहिजे, हेही न्यायालयाने ठामपणे मांडले. भारतातील जनहित याचिकांच्या परंपरेचा आरंभ बहुधा याच खटल्यापासून मानला जातो.

पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. देशातील सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात, असा निष्कर्ष त्याच्या तिसऱ्या अहवालात आहे. या शिफारशी दीर्घकाळ दप्तरात राहिल्या. २००६ मध्ये प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील काही सूत्रांच्या आधारे राज्यांना निर्देश दिले. कच्च्या कैद्यांबाबतही कायदा हळूहळू पुढे सरकला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश कालावधी कोठडीत काढल्यास, काही अपवाद सोडून, त्याच्या बंधपत्रावरील सुटकेची तरतूद आहे.

बोध

१९९१ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान लाभलेले रुस्तमजी मार्च २००३ मध्ये निवर्तले. त्यांच्या कारकीर्दीतून अधिकाऱ्याने घ्यावयाचा पहिला बोध असा की, दलाचे सामर्थ्य शस्त्रसंख्येपेक्षा प्रशिक्षणावर आणि लोकांच्या विश्वासावर अवलंबून असते. दुसरा बोध अधिक कठीण आहे. ज्या यंत्रणेत आयुष्य गेले तिचे दोष उघड मांडणे ही त्या यंत्रणेशी प्रतारणा नव्हे. ती तिची सेवाच होय.

पंचायत सदस्यांसाठीही येथे पुष्कळ आहे. गावचा पोलीस पाटील हा कायद्याच्या यंत्रणेचा गावातील पहिला दुवा आहे. त्याला खरी माहिती देणे, अफवांना थारा न देणे, गावातील कोणी जामिनाअभावी तुरुंगात असेल तर त्याच्या कुटुंबाला तालुका विधी सेवा समितीची वाट दाखविणे, ही कामे कोणत्याही ग्रामपंचायतीला करता येतील. त्यांना निधी लागत नाही. गावातील कोण कोठे अडकले आहे याची चौकशी करणारा एक माणूस लागतो.