ताट एकदाच, चहा सहा वेळा : चाळिशीनंतरचं वजन आणि आपलं जेवण



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन संपल्यावर एक ताई माझ्याजवळ येऊन बसल्या. वय ४८, चार घरची धुणीभांडी करतात. गुडघे दुखतात, जिना चढताना दम लागतो. दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, ‘बाई, खाणं कमी करा.’ ताई मला म्हणाल्या, ‘सिस्टर, मी दिवसातून एकदाच जेवते. अजून किती कमी करू?’

आम्ही दोघींनी त्यांचा आदल्या दिवसाचा हिशोब कागदावर मांडला. पहाटे पाचला पाणी भरून झाल्यावर चहा आणि दोन खारी. पहिल्या घरी चहा. दुसऱ्या घरी चहा आणि रात्रीचं उरलेलं काहीतरी, उभ्या उभ्या. तिसऱ्या घरी पुन्हा चहा. चार वाजता परतताना वडापाव आणि चहा. घरी आल्यावर सगळ्यांसोबत चहा. मग स्वयंपाक, सगळ्यांची जेवणं, आणि साडेदहाला ताईंचं ताट : भाताचा डोंगर, त्यावर तळाशी उरलेल्या डाळीचं पाणी, लेकरांनी टाकलेली अर्धी चपाती. भाजी संपलेली, अंडी पोरांना दिलेली.

ताई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ताट दिवसातून एकदाच मिळत होतं. बाकी दिवस त्या साखरेवर आणि मैद्यावर काढत होत्या. आजचा पाठ या ताईंच्या ताटाबद्दल आहे. कारण हे ताट आपल्यातल्या बहुतेक घरांत आहे.

साधा हिशोब

चहाच्या एका कपात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत बारा चमचे होतात. एक चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम, महिन्याला जवळपास पावणेदोन किलो साखर एकट्या बाईच्या पोटात, तीही फक्त चहातून. ६० ग्रॅम साखरेच्या २४० कॅलरी होतात. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीत तेवढ्याच असतात. फरक असा, की भाकरीनं पोट भरतं, साखरेनं भरत नाही. तासाभरात पुन्हा भूक लागते आणि हात पुन्हा खारीकडे जातो.

दुसरा हिशोब तेलाचा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी एक लिटर झालं. माणशी अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण तीन चमचे, एवढ्यात घर भागवता येतं. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, एक ग्रॅम पिठात ४ च्या आसपास. म्हणून तेल थोडं जास्त पडलं तरी वजनावर लगेच दिसतं.

चाळिशीत शरीरात काय बदलतं

तिशी ओलांडली की स्नायू हळूहळू घटू लागतात. स्नायू म्हणजे शरीराची चूल. चूल लहान झाली आणि सरपण तेवढंच टाकलं, तर उरलेलं सरपण साठतं, तीच चरबी. बायकांच्या बाबतीत पाळी जायच्या सुमारास आणखी एक गोष्ट होते : मांड्यांवर साठणारी चरबी पोटावर साठू लागते. पोटातली चरबी जास्त घातक, कारण तिच्यामुळे शुगर आणि बीपी दोन्ही वाढतात.

म्हणून काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. शिवणाचा टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा आणि श्वास सोडून मापा. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली, तर धोक्याची घंटा समजा.

ही चरबी हावरटपणाची नाही

आपल्या माणसाचं पोट सुटलेलं दिसलं की लोक म्हणतात, ‘खाऊन खाऊन माजले.’ हे ऐकून गप्प बसू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास १९९३ पासून केला. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी होती, पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी आणि त्या मानानं चरबी जास्त होती. आईच्या पोटात ज्याला पुरेसं मिळालं नाही, ते शरीर पुढे मिळेल ते साठवून ठेवायला शिकतं. आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी जणांचा जन्म १९७२ च्या दुष्काळाच्या आसपासचा आहे. त्यांच्या आया खडी फोडायच्या कामावर होत्या आणि मिलो-सुकडीवर दिवस काढत होत्या. आपल्या कमरेवरच्या चरबीत त्या उपासमारीचाही वाटा आहे.

त्यात भर रेशनची. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. तो आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण ते धान्य मुख्यतः तांदूळ आणि गहू आहे. ज्वारी-बाजरी महाग झाली, डाळ त्याहून महाग. साहजिकच ताटात भात वाढला आणि कालवण पातळ झालं. म्हणूनच आपल्या वस्तीत एकाच बाईचं वजन जास्त आणि रक्त कमी, असं दोन्ही दिसतं. पोट भरलेलं असतं, शरीर उपाशी असतं. अशा बाईला ‘खाणं कमी करा’ एवढंच सांगणं म्हणजे अर्धा सल्ला. काय कमी करायचं आणि काय वाढवायचं, हे दोन्ही सांगायला हवं.

राजा पसेनदीची गोष्ट

तथागतांच्या काळात कोसल देशाचा राजा पसेनदी होता. तो एका बैठकीत द्रोणभर भात खायचा. एकदा असाच जेवून, धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपास करायला सांगितला नाही, हिणवलंही नाही. जो जागरूक राहून मात्रेत जेवतो त्याला त्रास कमी होतो, म्हातारपण सावकाश येतं आणि आयुष्य टिकतं, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजानं सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवायचं काम दिलं. त्यासाठी दररोज १०० कार्षापण ठरवले. हळूहळू राजाचा भात द्रोणावरून नाळीभर मापावर आला. पुढे तो सडपातळ झाला आणि आपल्याच अंगावरून हात फिरवत त्यानं भगवंतांचे उपकार मानले.

संयुत्त निकायातल्या या गोष्टीत आपल्यासाठी तीन धडे आहेत. पहिला, मात्रा. पाली भाषेत ‘मत्तञ्ञुता’, म्हणजे आपलं माप ओळखणं. दुसरा, हळूहळू. तिसरा, सोबत : राजालाही आठवण करून देणारं माणूस लागलं, मग आपल्याला लागलं तर त्यात कमीपणा नाही.

आणि उपाशी राहून देह झिजवणं हा आपला मार्ग नव्हे. सिद्धार्थानं तो करून पाहिला, सोडला आणि सुजाताची खीर स्वीकारली. महिनाभर नुसतं लिंबूपाणी पिणाऱ्या ताईंनी हे लक्षात ठेवावं. उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. पुन्हा खायला लागलं की वजन परत येतं, स्नायू मात्र तेवढे परत येत नाहीत.

ताट कसं वाढायचं

ताटाचे मनातल्या मनात चार भाग करा. दोन भाग भाजी आणि कच्चं : कांदा, काकडी, मुळा, टोमॅटो, जे स्वस्त असेल ते. एक भाग भाकरी, चपाती किंवा भात. एक भाग डाळ, उसळ, अंडं, मासळी किंवा मटण. भाताला घरात एक वाटी ठरवा. ती वाटी म्हणजे आपली नाळी. भूक राहिली तर भात नाही, डाळ-भाजी पुन्हा घ्या.

भाजी महाग आहे हे मला माहीत आहे. संध्याकाळी बाजार उठताना भाव उतरतो, तेव्हा घ्या. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अंबाडी, माठ या स्वस्त भाज्यांत लोह असतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं, म्हणून तासाभराचं अंतर ठेवा.

आपल्या पारंपरिक खाण्याची लाज बाळगू नका. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, जवळा-सुकट, कलेजी, वजडी ही ताकदीची अन्नं आहेत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. महागड्या सुक्या मेव्यावाचून वजन उतरत नाही, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. फक्त दोन गोष्टी पाळा : सुकट आणि बोंबील दोन-तीन पाण्यांत धुऊन मीठ काढा, आणि मटणाची तर्री बाजूला ठेवा. दिवसभराचं मीठ माणशी एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. पापड, लोणचं, फरसाण यातलं मीठही त्यातच मोजायचं.

वर्षावासाचे तीन महिने

सगळं एकदम बदलायला गेलं की आठ दिवसांत सुटतं. म्हणून आषाढी ते आश्विन पौर्णिमा असे तीन महिने ठरवू. दर पौर्णिमेला विहारात टेपनं कंबर मापायची आणि वहीत लिहायची. चार पौर्णिमा, चार मापं.

पहिला महिना चहाचा. दोन चमच्यांचा एक करा, सहा कपांचे तीन करा. कामावर मॅडमनी चहा विचारला तर ‘बिनसाखरेचा द्या’ म्हणायला संकोच करू नका. खारी-बटरऐवजी सकाळी अर्धी भाकरी आणि रात्रीची उसळ किंवा एक उकडलेलं अंडं खाऊन निघा. सोबत पाण्याची बाटली ठेवा. कामावर संडासची सोय नाही म्हणून आपण पाणी पीत नाही. पण तहान कधीकधी भुकेसारखी वाटू शकते. संडास वापरू द्या, हे मागणं आपला हक्क आहे.

दुसरा महिना तेलाचा आणि भाताचा. बाटलीनं तेल ओतणं बंद, चमच्यानं मोजून टाकणं सुरू. वडापाव आठवड्यातून एकदा. रोज चारच्या भुकेला मूठभर फुटाणे किंवा एखादं केळं जवळ ठेवा.

तिसरा महिना रात्रीच्या जेवणाचा. साडेदहाचं ताट साडेआठवर आणा आणि जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाला. दोघी-तिघी मिळून गल्लीत फेऱ्या मारा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. त्यानं मांडीचे स्नायू टिकतात.

महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त वजन उतरवायची घाई नको. ८० किलोच्या माणसाचे ४ किलो जरी उतरले तरी शुगर आणि बीपीवर चांगला परिणाम होतो.

सावध कुठे राहायचं

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण चुकवू नका. शुगर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. तसं झालं तर लगेच साखर-पाणी घ्या. जेवण बदलताना डॉक्टरांना सांगा, गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. काही न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नका. टीबी आणि शुगर तपासा. थकवा, बद्धकोष्ठ, अंगाला सूज असेल तर थायरॉईड तपासा. तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, ती वर्षातून एकदा करून घ्या. आणि वस्तीत येऊन पावडरीचे डबे विकणाऱ्यांच्या नादी लागून बचत गटाचं कर्ज त्यात घालू नका. तेवढ्या पैशांत घराला महिनाभर डाळ आणि अंडी येतात.

आजार ही शरमेची बाब नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि त्यानं त्यांचं शरीर पोखरलं. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते. आपल्याला आज तपासणी आहे, औषध आहे, माहिती आहे. ती न वापरणं आपल्याला परवडणारं नाही.

शेवटचं, आणि मुख्य

त्या ताईंच्या घरी एकच मोठा बदल झाला. थोरल्या मुलानं ठरवलं की आईचं ताट सगळ्यांसोबत वाढायचं, आणि अंडी मोजून करायची ती आईला धरून. तोच त्या घरातला सुदस्सन. आश्विन पौर्णिमेला ताईंची कंबर चार सेंटीमीटर कमी भरली. वजन तीन किलो उतरलं होतं. गुडघा अजून दुखतो, पण आता जिना त्या न थांबता चढतात.

समतेवर आपण विहारात बोलतो. ती ताटात यायला हवी. जी बाई सगळ्यांत शेवटी उरलंसुरलं खाते, तिच्या वाट्याला भातच येतो. दादांनो, तुम्ही स्वतःच्या पोटाचं माप घ्याच, पण आज रात्री घरातल्या बाईच्या ताटात काय पडलं तेही बघा.

विहारात चर्चेसाठी :
१. आपल्या घरात महिन्याला किती साखर आणि किती तेल येतं? माणशी किती पडतं?
२. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? तेव्हा काय उरलेलं असतं?
३. आपल्या घरातला सुदस्सन कोण होईल?

जय भीम.