निनावी कुऱ्हाडीचा कर्ता कोण?

जुन्या कुऱ्हाडीवर नाममुद्रा नसली, तरी ती मुकी नसते, असे आम्ही इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगतो. प्रथम ती रॉकेलच्या फडक्याने हळुवार पुसावी. घासकागद लावल्यास खुणा नष्ट होतात. मग तिरप्या प्रकाशात पाहावे. दांड्याच्या छिद्रापाशी लोखंड वळवून जोडल्याची रेघ, अंगावर हातोड्याचे असमान ठसे आणि धारेशी वेगळ्या छटेचे पोलाद दिसले, तर ती लोहाराच्या हातची समजावी. साच्यातील एकसारखी घडण कारखाना सुचवते.

इंग्लंडातील शेफील्ड परिसरात चाकू-सुऱ्या घडवणाऱ्यांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला व कारागिरांच्या मुद्रा नोंदवू लागला. माल दूरच्या बाजारात जाई, म्हणून मुद्रा हवी. आपला लोहार गावासाठीच घडवी आणि बलुते म्हणून धान्य घेई. गिऱ्हाईक ओळखीचे, त्यामुळे मुद्रेची गरज नव्हती. वस्तू उरली, नाव गेले.

लोखंडावरून घडणीची रीत कळते, घडवणारी व्यक्ती नव्हे. तिचे नाव असलेच तर घरातील वृद्धांच्या स्मरणात असते. ते आजच विचारावे आणि गाव व सांगणाऱ्याच्या नावासह वहीत नोंदवावे. राजांची नावे ताम्रपटांवर कोरली गेली. श्रमणाऱ्यांची नावे आपणच लिहावयाची आहेत.