लेकराची खीर : कोरडे आधी, ओले वेळेवर



सोयाबीनची सोंगणी आली, कपाशीची वेचणी आली, की घरातली बाई सकाळी सात-आठलाच वावरात निघते. भाकरी होते, भाजी होते, डबे भरले जातात. या घाईत सगळ्यांचे होते, पण दीड-दोन वर्षांच्या लेकराचे राहून जाते. त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा येतो, नाहीतर चहात बुडवलेला पाव. रडणे थांबते, पण त्यावर अंग धरत नाही.

"सकाळी वेळ कुठे असतो?" हा मातेचा प्रश्न खरा आहे. म्हणून अनेकजणी रात्रीच काही शिजवून झाकून ठेवतात. अलीकडे चियाचे बी रात्री दुधात भिजत घालून सकाळी मुलांना देण्याची पद्धतही निघाली आहे. पद्धत वाईट नाही. पण ती ज्यांच्या घरी फ्रीज आहे, त्यांची आहे. फ्रीज नसताना रात्रभर ठेवलेले दूध सकाळी लेकराला पाजणे म्हणजे हगवणीला घरी बोलावणे होय.

मग काय करावे? कोरडे आधी करून ठेवावे आणि ओले वेळेवर करावे. ते कसे, हे या धड्यात सांगितले आहे.

चिया म्हणजे काय?

चिया मूळचा मेक्सिकोकडचा. आपली तुळस आणि सब्जा यांच्याच कुळातला. गेल्या काही वर्षांत शेजारच्या वाशीम जिल्ह्यात शेतकरी रब्बीत चिया पेरू लागले आहेत. म्हणजे हे बी आता आपल्या शिवारापासून दूर राहिलेले नाही.

या बियांत प्रथिने आहेत, चांगले तेल आहे, चुना म्हणजे कॅल्शियम आहे आणि चोथा भरपूर आहे. पण लेकराला आपण देणार एक लहान चमचा, म्हणजे चार-पाच ग्रॅम. तेवढ्यात प्रथिने एक ग्रॅमही भरत नाहीत. वाटीभर दुधात चुना त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून लक्षात ठेवा : चिया हे जेवण नव्हे, जेवणातली भर आहे. लेकराचे खरे पोषण धान्य, डाळ, शेंगदाणे आणि दूध यांनीच होते. चिया महाग वाटत असेल, तर त्यासाठी कर्ज-उधारी करू नका. पुढे दुसरा उपाय दिला आहे.

आधी करून ठेवायचे : कोरडे पीठ

पंधरा दिवसांचे पीठ एकदाच करावे. सामान असे :

गहू – ४०० ग्रॅम
फुटाण्याची डाळ – १६० ग्रॅम
शेंगदाणे – १०० ग्रॅम

गव्हाऐवजी ज्वारी किंवा नाचणी घेतली तरी चालते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ यांचे असेच मिश्रण सुचवले होते. धान्यात जे कमी पडते ते डाळ भरून काढते. शेंगदाण्याच्या तेलाने थोड्या खाण्यातही ताकद मिळते. लेकराचे पोट लहान असते, म्हणून त्याच्या घासात जोर असावा लागतो.

१. शेंगदाणे निवडताना काळे, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे काढून टाकावेत. अशा बुरशीचे विष भाजूनही जात नाही.
२. गहू निवडून, धुऊन, कडक उन्हात वाळवावेत. नंतर मंद आचेवर खमंग भाजावेत. शेंगदाणे वेगळे भाजून साले काढावीत. फुटाण्याची डाळ फक्त गरम करून घ्यावी.
३. सर्व जिन्नस पूर्ण निवल्यावर बारीक दळावे. गरम दळले तर पिठाला घाम येतो आणि ते लवकर खराब होते. शेंगदाणा गिरणीत चिकटतो, म्हणून त्याचा कूट घरी करून मिसळावा.
४. पीठ कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. आत कोरडा चमचाच घालावा. खवट वास आला तर ते पीठ लेकराला देऊ नये.

चियाचे बी या पिठात मिसळू नये. ते निवडून, अख्खेच, वेगळ्या डबीत ठेवावे.

एक गोष्ट शेतकरी बांधवांनी ध्यानात ठेवावी. पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला औषध चोळलेले असते. ते बी उरले म्हणून घरात खायला आणू नका. खाण्याचे बी वेगळे घ्या.

वेळेवर करायचे : खीर

सकाळी चूल किंवा गॅस पेटवला की पहिले काम हे करावे. उकळून निवलेले चार मोठे चमचे पाणी वाटीत घ्यावे. त्यात चियाचे बी एक लहान चमचा टाकून ढवळावे. पाच मिनिटांनी पुन्हा ढवळावे, म्हणजे गोळा होत नाही. भाकऱ्या होईपर्यंत, साधारण अर्ध्या तासात, बी फुगते. हे बी आपल्या वजनाच्या दहापट पाणी धरू शकते. प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक चीक दिसू लागला, कोरडा गोळा राहिला नाही, म्हणजे बी तयार झाले.

गंजात एक वाटी दूध घ्यावे. दूध कमी असेल तर अर्धे दूध, अर्धे पाणी घ्यावे. दोन मोठे चमचे पीठ त्यातल्या थोड्या थंड दुधात कालवून घ्यावे, मग सगळे एकत्र करून ढवळत पाच-सात मिनिटे शिजवावे. शेवटी फुगलेला चिया घालून एक उकळी आणावी. कोमट झाल्यावर पिकलेले केळे कुस्करून घालावे. चमचा तिरपा केला तर खीर हळूहळू घसरावी, पाण्यासारखी ओघळू नये. पातळ खिरीने पोट भरते, अंग भरत नाही.

दोन वर्षांच्या आतील लेकराला साखर-गूळ घालू नये. गोडीला केळे पुरते. वर्षाच्या आत मध तर चाटवूही नये.

दुपारचे काय?

सकाळची खीर दुपारसाठी झाकून ठेवू नका. तासा-दीड तासात संपवावी, उरली तर मोठ्यांनी खावी. उन्हाळ्यात दूध घातलेले अन्न फार लवकर नासते. वास येण्याच्या आधीच त्यात जंतू वाढलेले असतात. काही जंतूंनी सोडलेले विष तर पुन्हा उकळले तरी जात नाही. म्हणून "गरम करून देते" म्हणणे पुरेसे नाही.

इथेच कोरड्या पिठाचा उपयोग होतो. दुपारचे दोन चमचे पीठ लहान डबीत मोजून सासूबाईंकडे देऊन जावे. पीठ आधीच भाजलेले असल्याने त्या पाच-सात मिनिटांत ताजी खीर करू शकतात. दूध मात्र पुन्हा उकळून घ्यावे. दूध नसेल तर पाण्यात शिजवून वरून चमचाभर तूप किंवा तेल घालावे. दुपारी चिया नसला तरी काही बिघडत नाही.

घरी फ्रीज असेल तर

उकळून निवलेल्या दुधात चिया रात्री भिजवून, झाकून, फ्रीजमध्ये आतल्या बाजूला ठेवावा. दारातल्या कप्प्यात ठेवू नये. दुसऱ्या दिवशी संपवावा. रात्री चार तासांहून जास्त वेळ वीज गेली असेल, तर ते दूध लेकराला देऊ नये.

कोणत्या वयाला किती?

*सहा महिन्यांपर्यंत :* फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको.

*सहा महिने ते एक वर्ष :* आईचे दूध चालू ठेवून पिठाची मऊ खीर. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करावी, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जावे. या वयात चियाची गरज नाही.

*एक ते दोन वर्षे :* पाऊण ते एक वाटी खीर. चिया पाव चमच्याने सुरू करून अर्ध्या लहान चमच्यापर्यंत न्यावा. वर सांगितलेला चमचाभर चिया अशा दोघांना पुरतो. घरचे वरण-भात, भाकरी कुस्करून, भाजी, अंडे हेही द्यावे. दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत पाजावे.

*दोन वर्षांपुढे :* एक लहान चमचा चिया पुरे. त्यात चोथा फार असतो. जास्त दिला तर पोट फुगते आणि लेकरू जेवणाला तोंड लावत नाही. वरून पाणी पाजत राहावे.

कोरडा चिया तोंडात नको

सुके बी घशात गेले आणि वरून पाणी प्यायले, तर ते तिथेच फुगते. अमेरिकेत एका माणसाने चमचाभर सुका चिया खाऊन वर पाणी प्यायले. बी अन्ननलिकेत अडकले आणि डॉक्टरांना दुर्बीण घालून अडथळा दूर करावा लागला. ही माहिती २०१४ साली तिथल्या डॉक्टरांनी परिषदेत मांडली. मोठ्या माणसाचे हे, तर लेकराचे काय! चियाची डबी उंचावर ठेवा. खीर लेकराला बसवून, चमच्याने, सावकाश भरवा. निजवून किंवा रडताना तोंडात ओतू नका. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणेही लहानग्यांच्या हाती देऊ नका.

चिया नसेल तर?

आपल्या विदर्भाचे जवस आणि तीळ आहेतच. जवसात चियासारखेच तेल आहे आणि तिळात चुना भरपूर आहे. दोन्ही भाजून, बारीक कूट करून, एक लहान चमचा खिरीत घालावे. जवस कच्चे देऊ नये. कूट आठवड्यापुरताच करावा.

वडिलांनी काय करावे?

पीठ दळून आणणे, शेंगदाणे निवडणे, सकाळी चिया भिजत घालणे ही कामे पुरुषाने केली तर त्यात कमीपणा नाही. भरवण्याआधी साबणाने हात धुणे हे तर दोघांचेही काम आहे.

धाकटे पोटात आले की थोरल्याचे अंगावरचे दूध तुटते, आईची ताकद वाटली जाते आणि खीर करायला वेळ उरत नाही. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर असले, तर दोघांच्याही वाट्याला पुरेसे येते. हे नवरा-बायकोने मिळून ठरवायचे आहे.

दर महिन्याला अंगणवाडीत लेकराचे वजन करून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण आहे. त्यावर घरची खीर पुरत नाही. आशाताईंना सांगून ताबडतोब आरोग्य केंद्रात न्या. हगवण लागली तर ओआरएसचे पाणी आणि झिंकच्या गोळ्या त्यांच्याकडूनच घ्या, आणि खाणे बंद करू नका.

आठवणीत ठेवा

पीठ पंधरा दिवसांचे, खीर त्या-त्या वेळची.
चिया आधी फुगवा, मगच भरवा.
शिळे दूध टाळा, ताजा घास भरवा.