ज्वरानंतरचा लाल डोळा : निदानातील सावधानता

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली चिकुनगुन्याची साथ आली होती. पुढे सुमारे तीन दशके विस्मरणात गेलेला हा रोग २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा पसरला. २०२१ साली पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिकाचा रुग्ण आढळला. डेंग्यू, चिकुनगुन्या व झिका या तिन्हींचा प्रसार एडिस डास करतो. पाटस परिसरातील वैद्यांना व औषधविक्रेत्यांना ज्वर आणि संधिशूल परिचित आहेत. नेत्रोपद्रवांकडे मात्र दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

चिकुनगुन्यात ज्वर उतरून काही आठवडे लोटल्यावर डोळा लाल होऊ शकतो. चिपड नसते; लाली बुबुळाभोवती अधिक असते, प्रकाश सहन होत नाही, दृष्टी अंधुक होते. हे साधे ‘डोळे येणे’ नसून नेत्राच्या अंतर्भागातील शोथ असू शकतो. क्वचित दृष्टिपटल वा दृष्टिनाडीही बाधित होते. तेव्हा डोळा बाहेरून पांढराच दिसतो.

डेंग्यूत रक्तबिंबिका घटलेल्या काळात, म्हणजे साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज वा रक्तस्राव संभवतो. समोर डाग दिसणे, सरळ रेषा वाकड्या भासणे ही त्याची लक्षणे होत. गर्भवतीस झालेल्या झिकामुळे अर्भकाच्या दृष्टिपटलावर कायमचे व्रण राहू शकतात.

परीक्षा सोपी आहे. एकेक डोळा झाकून रुग्णास दिनदर्शिकेवरील अंक वाचावयास सांगावे. खिडकीचे गज सरळ दिसतात का, हे विचारावे. गेल्या तीन महिन्यांत ज्वर आला होता काय, हा प्रश्न कधीही गाळू नये.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अंजनास अयोग्य अशा अवस्थांमध्ये ज्वराचा निर्देश आहे. त्यामुळे अशा डोळ्यात अंजन, मध वा घरगुती रस घालू नये. औषधविक्रेत्यांनी स्टेरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. आत शोथ असल्यास नेत्रतज्ज्ञ तेच थेंब योजतात. परंतु बुबुळावर विषाणुजन्य व्रण असेल, तर त्यांनीच दृष्टी जाण्याचा धोका असतो. हा भेद नेत्रतज्ज्ञाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनेच निश्चित होतो. ज्वरानंतर दृष्टी अंधुक झालेल्या रुग्णास त्याच दिवशी दौंड वा पुणे येथील नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. संधिशूलाची चिकित्सा चार दिवस थांबू शकते. दृष्टी थांबत नाही.